जागा ठेवलेला तपासनीस

काकूंना ऑफिसात कोणी वाईट म्हणत नसे, पण चांगलंही म्हणत नसे, आणि यात काकूंच्या कामाचा हात मोठा होता. कंपनी औषधांच्या दुकानांसाठी चिठ्ठ्या छापणारा प्रोग्राम बनवायची. कोणतं औषध, किती, दिवसातून कितीदा, एवढाच तो मामला. बाकीची मंडळी हा प्रोग्राम लिहायची आणि काकू त्या मंडळींच्या लिहिण्यावर नजर ठेवणारा दुसरा प्रोग्राम लिहायच्या. त्याला सगळे तपासनीस म्हणत. नवं लिहिलेलं काहीही प्रोग्रामच्या मुख्य साठ्यात टाकण्याआधी तपासनिसाला दाखवायचं, आणि त्याने लाल अक्षरांत जे काढून दाखवलं ते मुकाट्याने नीट करायचं, असा दंडक होता. आता स्वतःच्या चुका लाल अक्षरांत बघायला कोणाला आवडतं? पाठीमागे लोक त्यांना लालकाकू म्हणत. काकूंच्या कानावर ते आलं होतं. त्यावर त्या एवढंच म्हणाल्या होत्या की निदान नावात चूक नाही.

स्वभावच तसा, त्याला कोण काय करणार. घरी डब्याला भलतंच झाकण लागलं तर ते त्यांना बाहेरच्या खोलीतून कळायचं. नवरा भूगोलाचा निवृत्त मास्तर. त्याने संसार निभावण्याची एक सोपी तऱ्हा शोधली होती: आधी "बरं" म्हणायचं आणि मग आपल्याला हवं तेच करायचं. त्यामुळे त्या घरात भांडण असं कधी झालं नाही, झाकणं मात्र शेवटपर्यंत चुकत राहिली.

तपासनीस नुसता खडूस असता तरी लोकांनी चालवून घेतलं असतं, पण तो कुंभकर्णही होता. हाक मारली की उठायचा, डोळे चोळायचा, काकूंनी आजवर लिहिलेले सगळे नियम पहिल्यापासून वाचायचा, मग समोरचं लिखाण वाचायचा, चुका काढायचा आणि पुन्हा आडवा व्हायचा. पुढच्याने हाक मारली की परत पहिल्यापासून. तेवढ्या वेळात माणूस पाणी पिऊन, गॅलरीत उभा राहून, खाली कोणाची गाडी कोणी अडवली आहे ते सविस्तर पाहून परत यायचा, तरी तपासनिसाचे नियम वाचून झालेले नसायचे.

यावर उपाय काढला आटपाने. आटपा हा काकूंच्या हाताखालचा सर्वांत हुशार आणि सर्वांत उतावळा प्रोग्रामर. दुसरं कोणी चहा पीत असलं तरी हा शेजारी उभा राहून "आटपा, आटपा" करायचा, म्हणून हे नाव. त्याचं म्हणणं साधं होतं. तपासनिसाला झोपू द्यायचंच नाही. कोपऱ्यात एक जुनं मशीन होतं, वरचा एसी गळायचा म्हणून त्याच्या शेजारी कायम एक बादली असायची. त्या मशीनवर तपासनिसाला अखंड जागं ठेवायचं. नियम एकदाच वाचायचे आणि डोक्यात ठेवायचे. कोणी काही दाखवलं की त्याने बसल्या जागेवरून उत्तर द्यायचं. एका शनिवारी त्याने हे करून दाखवलं आणि उत्तर खरोखरच पापणी लवायच्या आत आलं. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. काकूंनीही वाजवल्या, पण जरा जपून.

त्याच सुमारास एका दुकानातून तक्रार आली. चिठ्ठीवर नुसतं "पाच" छापून आलं होतं. पाच थेंब की पाच चमचे, याचा पत्ता नाही. दुकानदाराचं लक्ष होतं म्हणून निभावलं. काकूंनी लगेच नवा नियम लिहिला की थेंब, चमचे, गोळ्या, जे काय असेल ते सोबत असल्याशिवाय आकडा लिहायचाच नाही. आपल्याच टेबलावर, जुन्या झोपाळू पद्धतीने, मुद्दाम एक चूक करून पाहिली. ती पकडली गेली. मग त्यांनी नियम बाकीच्या नियमांत नेऊन ठेवला आणि शिव्या खायची तयारी करून बसल्या. नवा नियम आला की पहिला आठवडा शिव्यांचा, हा आजवरचा अनुभव.

या वेळी कोणी चकार शब्द काढला नाही. जो तो कोपऱ्यातल्या जाग्या तपासनिसाला विचारत होता आणि जो तो पास होत होता. एकानेही आकडा उघडा सोडला नव्हता. काकूंचा विश्वास बसेना. घरी जाऊन त्या नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, मुलं सुधारली." नवरा "बरं" म्हणाला आणि वर्तमानपत्राचं पान उलटलं.

आणि मग एक नवलच घडू लागलं. लाल अक्षरं गेली तशी लोकांना काकू दिसायला लागल्या. रेडिओ नावाची एक मुलगी समोरच्या टेबलावर बसायची. ती एकदा सुरू झाली की बंद करायचं बटण सापडत नसे. ती काकूंना जेवायला ओढून नेऊ लागली. तिथे कळलं की काकू साहेबांच्या चालण्याची हुबेहूब नक्कल करतात. लोक पोट धरून हसले. महिनाअखेरीला काकू निवृत्त होणार होत्या, तर त्यांच्या कार्यक्रमासाठी रेडिओने गुपचूप मास्तरांना गाठून जुने फोटो मागवले. काकूंना सांगू नका म्हटल्यावर मास्तर "बरं" म्हणाले आणि त्याच रात्री त्यांनी सांगून टाकलं. काकूंची जागा आटपाला मिळणार हेही ठरून गेलं.

काकू सुखावल्या. खोटं कशाला बोला, त्या पार विरघळल्या. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका काढणाऱ्या बाईला निरोपाच्या वेळी कोणी हौसेने फोटो जमवत आहे, हे त्यांना स्वप्नातही सुचलं नसतं. चिठ्ठ्यांच्या प्रोग्रामातलं थोडं काम त्यांच्याही अंगावर असायचं, ते त्या भराभर उरकू लागल्या. जुन्या फायलींतले तुकडे उचलायचे, नव्यात चिकटवायचे, तपासनिसाला विचारायचं, पास झालं की पुढे. पूर्वी त्या स्वतःचं लिखाण डोळ्यांत तेल घालून पुन्हा वाचायच्या. आता जेवणाची वेळ झालेली असायची.

कार्यक्रमाला थोडे दिवस राहिले असताना दुसऱ्या एका दुकानाचा फोन आला. चिठ्ठीवर "दोन" छापलं आहे, दोन काय, असं दुकानदार अगदी शांतपणे विचारत होता. काकूंनी ती फाइल उघडली. आकडा उघडाच होता. त्यांनी तपासनिसाला विचारलं. त्याने पापणी लवायच्या आत सांगितलं की सगळं ठीक आहे. काकूंनी मग आपल्या टेबलावरचा जुना, झोपाळू तपासनीस उठवला. त्याने निवांत डोळे चोळले, सगळे नियम पहिल्यापासून वाचले आणि लाल अक्षरांत ती चूक दाखवली.

काकू कोपऱ्यातल्या मशीनपाशी गेल्या. जागा ठेवलेला तपासनीस कधी सुरू केला होता ते तिथे नोंदलेलं होतं. नवा नियम लिहिण्याच्या आधीच्या शनिवारी. तेव्हापासून तो झोपला नव्हता हे खरं, पण तेव्हापासून त्याने नव्याने काही वाचलंही नव्हतं. काकूंचा शेवटचा नियम त्याला ठाऊकच नव्हता. त्यांनी आटपाला गॅलरीत बोलावून घेतलं आणि विचारलं की नियम बदलले तर ते पुन्हा वाचायला तू त्याला कधी सांगितलंस?

"सांगितलंच नाही, काकू," तो म्हणाला. "नियम काय रोज बदलतात?"

बोलता बोलता त्याच्या लक्षात आलं आणि चेहरा उतरला. मग तो हळू आवाजात म्हणाला, "आज आली ती चिठ्ठी मी आत्ता नीट करतो. बाकीचं तुमचा कार्यक्रम झाल्यावर बघू. मी गुपचूप बंद करून पुन्हा चालू करीन, कोणाला कळणार नाही. इतकी वर्षं झाली काकू, आता आनंदात जा ना."

यात त्याला स्वतःच्या नव्या जागेची काळजी होतीच, पण काकूंबद्दलची मायाही खरी होती. तेवढ्यात रेडिओ जेवायला बोलवायला आली आणि काकू तिच्यामागे गेल्या.

काकूंनी डबा उघडला. रेडिओ साहेबांची नक्कल करा म्हणून मागे लागली होती. मुलं सुधारली नव्हती. त्यांना कोणी टोकलंच नव्हतं, म्हणून ती हसत होती, म्हणून फोटो जमत होते. काकूंना याचं भयंकर वाईट वाटलं. थोडे दिवस, फक्त थोडे दिवस गप्प राहिलं तर हे सगळं जसंच्या तसं पदरात पडणार होतं. त्यांनी तो विचार चांगला घोळवून पाहिला आणि तो गोड लागला, हेही कबूल करायला हवं. पण कुठल्या तरी घरात कोणीतरी आजारी लेकरापाशी चमचा हातात घेऊन बसलंय आणि चिठ्ठीवर नुसतं "पाच" वाचतंय, हे चित्र काही डोळ्यांसमोरून हलेना. त्यांनी साहेबांची नक्कल केली नाही. डब्याला झाकण लावलं आणि उठल्या.

आटपा "काकू, अहो काकू" करत मागे आला, तोवर त्यांनी कोपऱ्यातलं मशीन गाठलं होतं. जागा ठेवलेला तपासनीस त्यांनी सरळ बंद केला, नव्याने चालू केला, त्याला सगळे नियम वाचू दिले आणि नवा नियम आल्यापासून आजवर जमलेलं सगळं लिखाण एकदम त्याच्यासमोर टाकलं.

मंडळी जेवून परतली तर प्रत्येकाच्या पडद्यावर लालच लाल. चारी बाजूंनी कुरकुर सुरू झाली. कोणी कपाळाला हात लावला, कोणी खुर्ची दणकन मागे ढकलली. आटपा भिंतीला टेकून उभा होता, त्याला आटपा म्हणायचंही सुचत नव्हतं.

काकू मात्र आपल्या पडद्याकडे टक लावून बघत होत्या. तपासनिसाने चुका माणसागणिक लावल्या होत्या, ज्याच्या जास्त त्याचं नाव वर. पहिलं नाव काकूंचं होतं. बाकीचे बरेच खाली होते.

"हा आकड्यांचा नियम कुठल्या गाढवाने लिहिलाय?" रेडिओ समोरून ओरडली.

"मी," काकू म्हणाल्या. "आणि सगळ्यात जास्त चुका त्याच गाढवाच्या आहेत. ये, बघ."

रेडिओला ते खरं वाटेना. ती उठली, खुर्ची ओढत काकूंच्या टेबलापाशी आली आणि त्यांच्या पडद्यात डोकं खुपसून बसली. काकूंच्या शेजारी बसून त्यांचं काम आजवर कोणी पाहिलं नव्हतं. यादी वरून खाली वाचून झाल्यावर रेडिओला भलताच हुरूप चढला. हे बघा, इथे थेंब राहिले, इथे गोळ्या राहिल्या, ही तर दोनदा केली तुम्ही, असं ती एकेका ओळीवर बोट ठेवून सांगू लागली, आणि तेही सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात. काकू खाली मान घालून एकेक नीट करत गेल्या. त्यांना ते मुळीच आवडत नव्हतं. पण त्यांनी तिला ऊठ म्हटलं नाही.