भरून आलेली टाच

आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या बाई संशोधक आहेत. कातडीवरची जखम कशी भरते, हा त्यांचा विषय. त्या स्वस्थ अशा बसतच नाहीत. चहाही उभ्यानेच पितात आणि बोलताना आपल्या हातावरचे जुने व्रण न्याहाळतात. मला त्याने अवघडल्यासारखं होतं.

रक्तातल्या साखरेमुळे आईच्या टाचेची जखम चिघळली आणि डॉक्टर पाय कापण्याचं बोलू लागले. आई बाईंना म्हणाली, "तुह्या लॅबमधलं औषध लाव ना वं माह्या पायाले."

"नाही काकू. ते अजून उंदरांवरच पाहून राहिलो आम्ही."

मला राग आला. पण दुसऱ्या सकाळपासून त्या रोज येऊन, डॉक्टरांनी सांगितलेलं साधं ड्रेसिंग करू लागल्या.

उन्हाळा सरता सरता जखम भरली. आईने संत्र्याची बर्फी पुढे केली. ती हातात तशीच धरून बाई खाली बसल्या आणि टाचेवरची नवी गुलाबी कातडी पाहत राहिल्या.

"खुश नाही का वं तू?"

"आहे ना काकू. पण तुमची काहून भरली, ते समजून नाही राहिलं मले. माह्या आईचीही मी अशीच बांधत होती. तिची नाही भरली."

आईने पाय तसाच त्यांच्यापुढे राहू दिला.