अंगणातलं धूड

लग्नानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात आमच्या अंगणात एक साखळीचा ट्रॅक्टर आला. चाकांच्या जागी दोन्ही अंगांना लोखंडी पट्ट्यांच्या साखळ्या, रणगाड्याला असतात तशा. दुसरी मोठी लढाई संपल्यावर लष्करानं टाकून दिलेला हा ट्रॅक्टर देहूरोडकडच्या एका भंगारवाल्याच्या आवारात कित्येक पावसाळे उघड्यावर पडून होता. ह्यांनी तो विकत घेतला आणि बैलांच्या जोड्या लावून, लाकडी ओंडक्यांवरून ओढत चिंचवडला आमच्या दारापर्यंत आणला. साखळ्या गंजून आवळल्या होत्या, त्यामुळं तो वळवता येईना. जसा आला तसाच, घराकडं तोंड करून उभा राहिला.

मी चाकणकडच्या एका खेड्यातली. विहिरीवरच्या तेलाच्या इंजिनापेक्षा मोठं यंत्र मी पाहिलेलं नव्हतं. सकाळी अंगणात सडा टाकताना त्याच्या पुढची जागा मी कोरडीच सोडायचे. बंदिस्त पडवीत बाजेवर पडलेल्या सासूबाई भिंतीतल्या झरोक्यातून ते बघायच्या. खुब्याचं हाड मोडल्यापासून त्यांचं उठणं-बसणं बंद झालं होतं, पण डोळे सगळीकडं असत.

"त्या धुडाला भितीस व्हय गं?" त्यांनी एकदा विचारलं.

"न्हाई, आत्याबाई."

"मी भिते," त्या म्हणाल्या. "रोज माज्याकडं बघत उभं ऱ्हातंय."

हे लढाईच्या दिवसांत आसामात असलेच ट्रॅक्टर चालवून डोंगरातून रस्ते काढत. परत आल्यावर एका कारखान्यात फिटर म्हणून लागले होते. पिंपरीकडं नवे कारखाने उभे राहू लागले होते, मावळातले शेतकरी उताराच्या जमिनी सपाट करायच्या गोष्टी बोलत होते. असं यंत्र ज्याच्याकडं असेल त्याला काम कमी पडणार नाही, असा ह्यांचा हिशेब. सोबतीला तळेगावचे एक मुसलमान मिस्त्री होते, लॉऱ्या दुरुस्त करणारे. सुट्टीच्या दिवशी ते सकाळीच यायचे, अंगणात पाऊल टाकायच्या आधी "वहिनी, येऊ का?" म्हणून हाक द्यायचे.

दोघांनी इंजिनात रॉकेल ओतून ठेवलं. साखळीचा एकेक सांधा ज्योतीनं तापवून घणानं मोकळा केला. मी विटेच्या तुकड्यानं पत्रे घासायचे. गंजाची पूड नखांत, पदरात, कणकेतसुद्धा जायची. पोटुशी होते मी. 

हळूहळू एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. हे ट्रॅक्टरच्या खाली झोपायचे, वर चढायचे, पण चालवणाऱ्याच्या जागेवर कधी बसायचे नाहीत. मिस्त्री म्हणाले, "जरा बसून दांडा हलवा," की हे म्हणायचे, "तुम्हीच बसा."

एकदा जेवायला वाढताना मी विचारलंच. हे भाकरी कुस्करू लागले. मग म्हणाले, "आसामात माझा एक जोडीदार होता. सांगलीकडचा. त्या दिवशी पाणी प्यायला मी खाली उतरलो आन् माझ्या जागेवर तो बसला. कडा खचला. उडी मारली असती तर वाचला असता. पर दांडे धरून तसाच बसला. मी ओरडत होतो, त्याला ऐकूच गेलं न्हाई."

"मग हे घरी कशाला आणलंत?"

"दुसरं काय येतं मला?"

त्यानंतर माझी भीती दुप्पट झाली. आतापर्यंत मी लोखंडाला भीत होते, आता त्या जागेवर ह्यांना बसलेलं पाहायला भिऊ लागले.

मृगाच्या आधी, एका दुपारी, इंजिन सुरू करायचं ठरलं; मिस्त्री इंजिनापाशी थांबणार, म्हणून जागेवर ह्यांनाच बसावं लागणार होतं. मी म्हटलं, "आत्याबाईंना दुसरीकडं हलवूया."

"कशाला? ट्रॅक्टर मागं घ्यायचाय," हे म्हणाले. "पुढं येणारच न्हाई."

सासूबाईंनीही नको म्हणून हात हलवला. म्हणून मी पडवीत त्यांच्या पायथ्याशी बसले. भिंतीपलीकडं मिस्त्रींचा आवाज, मग फटफट असा बारीक आवाज, आणि अचानक सगळी जमीन हादरवणारी घरघर. छपराखालच्या चिमण्या उडाल्या. सासूबाईंनी माझं मनगट पकडलं. मिस्त्री आनंदानं ओरडले. मीही हसले असेन.

मग आवाज बदलला. साखळीचा खडखडाट सुरू झाला, आणि तो लांब जाण्याऐवजी जवळ येऊ लागला.

नंतर कळलं ते असं. गिअरच्या खुणा गंजात गेल्या होत्या, मागचा म्हणून जो टाकला तो पुढचा निघाला. ह्यांनी क्लच सोडवायला दांडा ओढला, तर आतल्या गंजलेल्या चकत्या एकमेकींना धरून बसल्या होत्या, सुटेनात. तेल बंद करायचा खटका हाताशीच होता. पण हे तिथं नव्हतेच, ते आसामातल्या त्या कड्यावर होते.

मला यातलं काही माहीत नव्हतं. मला फक्त भिंत दिसत होती. ट्रॅक्टर सावकाश येत होता, म्हातारा माणूस चालतो तसा, आणि तो सावकाशपणाच जीव घेत होता. कोनाड्यातला तांब्या सरकत सरकत खाली पडला. भिंतीचा पोपडा सुटला. मी बाज ओढायला गेले, ती उंबऱ्याला अडली. सासूबाईंच्या काखेत हात घातले तर त्या किंचाळल्या.

"जा तू!" त्या म्हणाल्या. "पोटात लेकरू हाय तुज्या. जा म्हनते ना!"

 मी गेले नाही याला लोक पुढं धीर म्हणाले. तसं काही नव्हतं. मी त्यांच्या अंगावर वाकून उभी राहिले, कारण दुसरं काय करायचं ते सुचलं नाही.

भिंत फुगली. कच्च्या विटांची ती; मधोमध पोट आल्यासारखी पुढं आली आणि कोसळली. धुरळ्यात उजेड शिरला, आणि त्या उजेडात ट्रॅक्टरचं नाक. त्याच्यावर हे. डोळे उघडे, दोन्ही मुठींत दांडे, चेहऱ्यावर काहीच नाही. मागून मिस्त्री ओरडत होते, "तेल बंद करा! तेल!" ते माझ्यापर्यंत येत होतं, ह्यांच्यापर्यंत नाही.

मग मी ह्यांना नावानं हाक मारली. नुसत्या नावानं, शेतातून भावाला मारावी तशी. लग्नातल्या उखाण्यानंतर ते नाव माझ्या तोंडून कधी निघालं नव्हतं.

ह्यांची मान वळली. मी दिसले. हात खटक्यावर गेला. इंजिन दोन-चार उचक्या देऊन थांबलं. साखळीखाली बाजेचा पुढचा पाय मोडला होता.

ह्यांची दांड्यावरची दुसरी मूठ सुटेना. मिस्त्रींनी वर चढून एकेक बोट दांड्यावरून उकललं, "झालं, भाऊ, झालं," म्हणत. गल्ली गोळा झाली. कुणी विटा उचलल्या, कुणी पाणी आणलं. एक शेजारीण माझ्याकडं बघून म्हणाली, "नवऱ्याचं नाव घेतलं गं हिनं!" सासूबाईंच्या केसांत माती होती, पण आवाज खणखणीत होता. "घेतलं म्हनून मी हाय," त्या म्हणाल्या. "तू गप बस."

त्यानंतर हे ट्रॅक्टरकडं फिरकले नाहीत. मला आधी बरं वाटलं. पण हे जेवेनात, बोलेनात. कामावरून आले की पडक्या भिंतीसमोर बसून राहायचे. अंगणातल्या विहिरीकडं गेले तरी माझं काळीज लकलकायचं. शेवटी मीच म्हटलं, "ते मोकळं करा आन् घालवा इथून. चालवत न्या न्हाईतर मोडून न्या."

मिस्त्रींनी क्लच खोलला, चकत्या घासून बसवल्या. या वेळी इंजिन बंद असतानाच मागचा गिअर कुठला, ते दोघांनी नीट पाहून घेतलं. सासूबाईंना शेजारी उचलून नेलं. मी विहिरीच्या काठाशी उभी, दोन्ही हात पोटावर. हे जागेवर बसले तेव्हा त्यांच्या मानेवरून घाम ओघळताना मला दिसला. ट्रॅक्टर मागं गेला. थांबला. वळला. कुंपणाच्या मोकळ्या बाजूनं रस्त्याला लागला, आणि मिस्त्री त्याच्यामागून टोपी हातात घेऊन पळत गेले.

पुढं बरीच वर्षं तो तळेगाव आणि चाकणच्या बाजूला बांध घालायला, जमिनी सपाट करायला फिरला. मुलगी झाली, भिंत पक्क्या विटांची झाली. काम संपलं की हे ट्रॅक्टर शेतकऱ्याच्या शेतातच ठेवून सायकलवर घरी यायचे. अंगणात तो परत आणू दिला नाही मी. आणि सायकलची घंटी वाजेपर्यंत, रोज, मी चुलीवर काय ठेवलंय याचं मला भान नसायचं.