पहिल्या बाकावरच्या मावशी

औरंगाबादला बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला आमच्या वर्गात चाळिशीच्या एक बाई होत्या. पिशोरहून एसटीनं यायच्या, पदर खोचून पहिल्या बाकावर बसायच्या. सगळे त्यांना मावशीच म्हणायचे. लीनियर अल्जिब्रा आम्हा सगळ्यांनाच जड जायचा, पण हात वर करायच्या फक्त त्याच.

"सर, समजलं नाय. पुन्हा सांगा."

पोरं हसायची. सर पुन्हा सांगायचे, आणि गुपचूप आम्हीही लिहून घ्यायचो.

एकदा मी विचारलं, "मावशी, सगळे हसतात. तुम्हाला काहीच वाटत नाही?"

"बारावी झाल्यावर लग्न ठरलं, तव्हा शिकायचंय म्हणायला लाजले," त्या म्हणाल्या. "आता नाय लाजत."

दिवाळीनंतर सरांनी फळ्यावर चार समीकरणांची मॅट्रिक्स मांडली. सोडवायला कोणी उठेना. मावशी उठल्या. पुटपुटत ओळीतून ओळ वजा करत गेल्या. मध्येच चुकल्या, तळव्यानं पुसून पुन्हा मांडलं. आलेली उत्तरं त्यांनी चारही समीकरणांत घालून पाहिली. चारही जुळली.

आम्ही बाकं बडवली. मावशींनी हातावरचा खडू झटकला, जागेवर येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "सर, आता पुढचं घ्या."