माझ्या गव्हाची कणीक

चौथीपुढं मी शिकलो न्हाई, पण गव्हाचं बी मला कुणी शिकवू नये. वीस वर्षं दरसाल टपोरा, चकचकीत दाणा हातानं निवडून मी ते राखलंय. पार पिंगळीहून लोक मागायला येतात.

म्हणून सेलूहून लेकीचे सासू-सासरे आले आणि ताटात करड्या पोळ्या पडल्या, तवा मी त्यांच्यासमोरच सुनेला बोललो. "कणीक सकाळी मळून ठेवलीस. परात नीट घासली नसशील."

पाव्हणे गेल्यावर तिनं ताटं उचलली. मग म्हणाली, "मामा, परात घासलेली व्हती. गहूच तुमचा काळा पडतोय. आमच्या मायेरचा पडत न्हाई, त्याची पोती घरात हायेत. यंदा तो पेरा."

पेरणी दोन दिवसांवर होती.

नात शेतकी कॉलेजात शिकती. ती आईच्या बाजूनं बसली. "आबा, गव्हाच्या कोंड्यात एक विकर, म्हंजे एन्झाइम, असतं. पाणी-हवा लागली की ते कणीक काळी पाडतं, चिरलेलं वांगं काळं पडतं तसं. कुठल्या वाणात लय, कुठल्यात कमी. ते बियातच पिढ्यान्‌पिढ्या येतं."

"म्हंजे माझ्या निवडीत खोट?"

"तुमी दाणा बघून निवडला. कणीक कधी बघितली?"

मला ते झोंबलं. म्हणालो, "दोनी पिठं मीच मळतो. माझी काळी पडली तर मायेरचा गहू पेरू. न्हाई पडली तर त्याचं नाव या घरात काढायचं न्हाई."

जन्मात पहिल्यांदा परातीला बसलो. बायको म्हणाली, "अवो, औत दाबायलाव का?" दोन गोळे केले. माझ्या गव्हाच्या गोळ्यावर खूण म्हणून अंगठा दाबला, वर ओलं फडकं टाकलं आणि तिथंच बसून राहिलो. सून दोनदा पाण्याला आली आणि फडक्याकडं न बघता गेली. पहिल्यांदा मला तिचा राग आला. दुसऱ्यांदा भ्या वाटलं.

दुपार कलल्यावर फडकं काढलं. तिचा गोळा सायीसारखा. माझा राखेसारखा, वर माझा अंगठा.

मी तो मोडला. आतून उजळ निघाला. "बघा," म्हणालो.

"आत हवा गेली न्हाई, आबा. राहू द्या उघडा."

दोन्ही मोडून ठेवले. कुणी उठलं न्हाई. तासाभरात माझं आतलंही करडं पडलं. तिचं तसंच.

नातीला म्हणालो, "सेलूला फोन लाव." व्याह्यांना सांगितलं, "पोळ्या सुनेच्या हातानं न्हाई, माझ्या गव्हानं काळ्या झाल्या." सून भिंतीकडं तोंड करून उभी होती.

पेरणीला चाड्यावर बी सोडायला तीच होती, ओटीत मायेरचं बी घेऊन. विहिरीकडच्या चार ओळी मात्र मी माझ्या बियाच्या पेरायला लावल्या.

"त्याच्या पोळ्या कोण खाणार, मामा?"

"मी," म्हणालो. "तू फक्त मळल्या मळल्या लाटत जा."