सूर्याशेजारचं इंद्रधनुष्य

अब्बा उदगीरला भांड्यांना कल्हई करायचे. घरोघर स्टील आलं आणि त्यांची भट्टी आठवड्यातून एखाद्या दिवशीच पेटू लागली. भूकंपाच्या पहाटे घराची मागची भिंत गेली. ती परत उभी राहीपर्यंत आम्ही सहा जण ताडपत्रीखाली राहिलो. मी तेव्हा अकरावीत होतो. लातूरच्या एका स्टुडिओत डार्करूमचं काम धरलं आणि त्यावर बी.एस्सी. केलं, फिजिक्स घेऊन. आमच्या खानदानातला पहिला ग्रॅज्युएट. हे सांगायला मला लाज वाटत नाही, संकोचही वाटत नाही.

पुढे लातुरात स्वतःचा स्टुडिओ टाकला, तोवर तिथं क्लासेसचं पीक आलं होतं. प्रत्येक गल्लीला एक डायरेक्टर. माझं निम्मं काम गुणवंतांच्या फोटोंचं. ‘जरा उजळ करा’ हे मी इतक्यांदा ऐकलं, की लातुरात सावळं पोरगं पासच होत नाही असं कुणाला वाटावं.

एका श्रावणात संध्याकाळी साडेपाचला पूर्वेला पाऊस आणि पश्चिमेला लख्ख ऊन होतं. कॅमेरा घेऊन गच्चीवर गेलो. इंद्रधनुष्याच्या फोटोला नशीब लागतं म्हणतात. मुळात दिशा कळावी लागते. सूर्य पाठीशी, पाऊस समोर. सूर्य आणि धनुष्य एका बाजूला कधीच नसतात. लेन्सवर पोलरायझर लावला. ही एक फिरणारी काच असते. नीट फिरवली तर रंग उठतात, भलतीकडे फिरवली तर अख्खं धनुष्य पुसलं जातं. त्या दिवशी दोन मिळाली. आतलं ठळक, बाहेरचं फिकट. बाहेरच्याचे रंग उलट्या क्रमाने, कारण त्यात प्रकाश थेंबाच्या आत एकाऐवजी दोनदा परततो. दोन्हींच्या मधलं आभाळ काळपट. आणि खाली, बरोबर मधोमध, एका मोठ्या क्लासची चार मजली इमारत.

त्या क्लासचे डायरेक्टर स्वतः फिजिक्स शिकवायचे. नांदेडला शाखा काढत होते. होर्डिंगसाठी त्यांना हाच फोटो हवा होता. मी एकच अट घातली, खाली माझं नाव पाहिजे. तोवर माझे कितीतरी फोटो छापले गेले होते, नाव एकदाही नाही.

सर स्टुडिओत येऊन माझ्या कॉम्प्युटरसमोर बसले. सॅच्युरेशन म्हणजे रंगाचा भडकपणा. मी तो चवीपुरता वाढवला होता, डोळ्यांनी पाहिलं होतं तेवढाच.

“सलीमभाई, हे धुऊन वाळत घातल्यासारखं दिसून राहिलंय. वाढवा.”

वाढवलं.

“अजून.”

“सर, फोटो फाटतोय.” रंग फार ओढला की ठिपके आणि पट्टे दिसायला लागतात, त्याला आम्ही फाटणं म्हणतो.

“रस्त्यावरून कोण बघतंय तेवढं? आणि रंग मोजा. तानापिहिनिपाजा. सात भरले पाहिजेत. पारवा कुठाय?”

“पारवा आभाळातच नीट दिसत नाही, सर.”

“पालक मोजतेत हो.”

मग त्यांनी स्क्रीनवर बोट टेकवलं. बाहेरच्या धनुष्यावर. “हे उलटं कसं काय? सरळ करा.”

“ते उलटंच असतं.”

“मला फिजिक्स शिकवता काय?”

“न्हाई. फोटो दाखवून राहिलो.”

त्यांना ते हसण्यावारी न्यायचं होतं, नेलं. मधला काळपट पट्टा त्यांना मळका वाटला, तो धुवायला सांगितला. शेवटी म्हणाले, क्लासचं चिन्ह उगवता सूर्य आहे, तर दोन धनुष्यांच्या मधोमध एक सूर्यही बसवा. मी माउस सोडला.

“हे दुसऱ्या कुणाकडून करून घ्या, सर. अन् माझं नाव टाकू नका.”

“बरं बरं,” असं म्हणून ते फोटोची सीडी घेऊन गेले. मी त्या ‘बरं बरं’वर विसंबलो. पदवी असून हा गाढवपणा माझाच.

नांदेडच्या उद्घाटनाचे फोटो काढायचं आधीच कबूल केलेलं होतं, म्हणून गेलो. दारावरच वीस फुटी फ्लेक्स. दोन इंद्रधनुष्यं, दोन्ही सरळ, लग्नाच्या मांडवाच्या झालरीसारखी. मधे अंड्याच्या बलकासारखा सूर्य. आणि खाली ‘छायाचित्र : सलीम, बी.एस्सी. फिजिक्स’. पदवी मी कुणाला छापायला दिलेली नव्हती. ती सरांनी स्वतःच्या अकलेनं घातली होती. पाच वर्षं दिवसा कॉलेज आणि रात्री डार्करूम करून जे कमावलं, ते त्या बलकाखाली टांगलेलं होतं.

हॉलमध्ये पालक-विद्यार्थी भरले होते. सरांचं भाषण झालं आणि ते प्रश्न विचारा म्हणाले. उमरीहून आईबरोबर आलेली एक मुलगी उभी राहिली. हातात सरांच्याच नोट्सची झेरॉक्स. लातूरच्या नोट्स लातूरच्या पोरांआधी गावोगाव पोचतात.

“सर, तुमच्या नोट्समधी दुसऱ्या धनुष्याचे रंग उलटे दिलेत. बाहेर बॅनरवर सरळ हायत. अन् सूर्य बी तिकडंच दाखवलाय. मग कोणतं खरं धरायचं?”

“बस की आता,” आई म्हणाली.

सर हसले आणि माझ्याकडे हात केला. “ती फोटोग्राफरची मिस्टेक आहे बेटा. हे काय, इथंच हायत. बी.एस्सी. हायत म्हणं.”

हॉल हसला. माझे कान तापले. नांदेडमध्ये नवीन गिऱ्हाइकांना दाखवायला मी नमुन्यांचा अल्बम आणला होता. त्यात मूळ फोटो होता. तो काढून मुलीच्या हातात दिला.

“मी काढलेला हा. बाहेरचा मी केला नाही. नाव टाकू नका म्हणून सरांना सांगितलं होतं.”

तिनं फोटो डोळ्यांजवळ धरला, मग नोट्सचं पान बघितलं. “हा नोट्ससारखाच हाय की.”

फोटो रांगेतून पुढं सरकत गेला. सरांचा चेहरा मुळीच पडला नाही.

“नोट्स परीक्षेसाठी असतेत,” ते म्हणाले, “बॅनर जाहिरातीसाठी असतो.”

आणि समोरच्या निम्म्या पालकांनी मान डोलावली. मला सरांपेक्षा त्या मानांची जास्त चीड आली.

बाहेर मांडववाल्याची शिडी होती. कोपऱ्यावरच्या दुकानातून पांढरा ऑइलपेंट आणि ब्रश आणला, वर चढलो आणि माझं नाव पदवीसकट पुसून टाकलं. सर खाली येऊन उभे राहिले.

“सलीमभाई, लातूरची कामं मग विसरा.”

“विसरलो, सर.”

त्या वर्षी त्यांची नांदेडची शाखा भरली. उमरीच्या मुलीनंही तिथंच प्रवेश घेतला, कारण नोट्स खरंच चांगल्या होत्या. यातून मी शिकलो ते एवढंच. नाव कुठं टाकायचं हे तोंडी ठरलं तरी चालतं, कुठं टाकायचं नाही हे लिहून घ्यावं.

उद्घाटनाच्या दिवशी गावी परतण्याआधी त्या मुलीनं माझ्याकडून मूळ फोटोची एक प्रत मागून घेतली होती. ती उमरीच्या तिच्या शाळेत, प्रयोगशाळेच्या भिंतीवर लागली. रंग होते तेवढेच आहेत, बाहेरचं धनुष्य उलटं आहे. खाली माझं नाव छापलेलं आहे.