धागा कुणाच्या हाताने तुटतो

शहाडच्या आमच्या गाळ्यात सहा हेडचं, म्हणजे एका वेळी सहा कपड्यांवर भरतकाम करणारं एम्ब्रॉयडरी मशीन आहे. एका बटणावर सहाही हेड चालतात आणि एकाचा धागा तुटला की सहाही थांबतात. हे समजायला फार शिक्षण लागत नाही. माझ्या धाकट्या दिरांना मात्र ते अजून समजलेलं नाही. ते माझे भागीदार आहेत, कारण गाळा सासऱ्यांनी दोघा मुलांच्या नावावर ठेवला आणि माझ्या नवऱ्याचा वाटा मी सांभाळते.

धागा तुटणं ही या धंद्यातली सर्दी. होत राहते, आणि ज्याला त्याला तिच्यावरचं औषध माहीत असतं.

गेल्या दसऱ्याला भाऊजींनी मशीनची यथासांग पूजा केली. आमची ऑपरेटर त्या दिवशी नव्हती. ती दसऱ्याला घरच्यांबरोबर नागपूरला दीक्षाभूमीला जाते आणि त्याची रजा महिनाभर आधी सांगून घेते. परत आल्यावर तिनेच मशीन चालू केलं, आणि धागा तुटायला लागला. एका हेडची सुई ओवून बटण दाबावं, तर दुसऱ्याचा तुटलेला.

काम होतं घोडबंदर रोडच्या एका बड्या सोसायटीचं. दिवाळी पहाटेला सगळ्यांनी सारखी जाकिटं घालायची, प्रत्येक जाकिटावर मोतिया रंगाचा मोर. तिथल्या बाई रोज फोन करून मोर किती झाले ते विचारायच्या, जणू मी अंडी उबवत बसले होते.

ठाण्याहून मेकॅनिक आला. त्याने सुया बदलल्या, वेग कमी केला, धाग्याच्या कंपनीला नावं ठेवली आणि चहा प्यायला. धागा आधी भराभर तुटत होता, तो आता सावकाश तुटू लागला. भाऊजींनी मशीनच्या वर लिंबू-मिरची टांगली. तिचाही उपयोग मेकॅनिकइतकाच झाला.

मग ते मला जिन्यात घेऊन गेले.

"वहिनी, मी काय जातपात मानत नाही हां. पण बघा ना, पूजा झाली तेव्हा मशीन मस्त होतं. हिचा हात लागला आणि सुरू झालं. एकेकाचा हात नाही मानवत मशीनला."

जातपात मानत नाही म्हणून जे वाक्य सुरू होतं, ते पुढे कुठे जातं हे मला या वयात ठाऊक आहे. पूजेनंतर मशीन कुणी चालवलंच नव्हतं, मग मस्त होतं हे कुणी पाहिलं, असं मी विचारलं. त्यांनी मान डोलावली. ते ऐकत नसले की मान डोलावतात.

दुसऱ्या दिवशी मी कापड घेऊन कल्याणहून आले, तर तिची कात्री टेबलावर नव्हती. भाऊजींनी तिला उद्यापासून येऊ नकोस म्हणून सांगून टाकलं होतं. आपल्या मित्राचा डोंबिवलीचा मेहुणा सोमवारपासून येणार, हेही ठरवून टाकलं होतं. तिच्या मुलीची नर्सिंगची फी या पगारातून जाते. ते भाऊजींनी विचारलं नव्हतं, आणि विचारलं असतं तरी मान डोलावली असती.

मी चष्मा लावला आणि त्या सगळ्या दिवसांत कुणी न केलेली गोष्ट केली. तुटलेल्या धाग्याचं टोक उजेडात धरून बघितलं. ताण जास्त असला की धागा तटकन तुटतो आणि टोक वळतं. हे टोक पिंजारलं होतं. तेवढ्यावर सुईच्या नेढ्याला दोष देता आला असता, पण सुया नव्या होत्या आणि मोतिया धाग्यावर पुसट गुलाबी झाक होती. आमच्या मोरात गुलाबी रंग कुठेच नाही.

प्रत्येक हेडवर समोरच्या बाजूला गोल चकत्या असतात. त्यांच्यामधून जाताना धाग्याला ताण मिळतो. पहिल्या हेडच्या चकत्या मी उघडल्या. आत तेलात कालवलेलं कुंकू वाळून खरखरीत झालं होतं आणि त्यात अक्षतांमधला अर्धा तांदूळ अडकला होता. पुढच्या तीन हेडना तसंच. शेवटची दोन स्वच्छ. भिंतीकडे खोकी रचलेली असल्यामुळे तिथे भाऊजींचं पोट पोचलं नव्हतं. त्या दोन हेडचा धागा एकदाही तुटलेला नव्हता.

मी तांदूळ तळहातावर घेऊन त्यांच्यासमोर धरला. बटण एकच आहे, हात वाईट असता तर सहाही हेडचा धागा तुटला असता, एवढंच सांगितलं.

"पण पूजा तर करायलाच लागते ना," ते म्हणाले.

"करा. आता तिला फोन लावा."

"तुम्हीच लावा ना वहिनी. तुमचं ऐकेल ती."

"ज्याने काढलं त्याने बोलवायचं."

त्यांनी फोन घेऊन जिन्यात जायला सुरुवात केली. मी इथेच बोला म्हणाले. गैरसमज झाला, मशीनमध्ये कचरा होता, असं काहीतरी ते पुटपुटले. कचरा कुणाचा, ते मी त्यांच्याकडून वदवून घेतलं.

ती दुसऱ्या दिवशी वेळेवर आली. कात्री टेबलावर ठेवली, सहाही सुया ओवल्या, वेग पूर्वीसारखा केला आणि बटण दाबलं. पहिला मोर शेपटीपर्यंत पुरा झाला तरी भाऊजी तिथेच घुटमळत होते. तिने त्यांच्याकडे बघितलं नाही.

"ताई, ते वरचं लिंबू काढायला सांगा," ती मला म्हणाली. "सडलंय. जाकिटावर रस गळेल."

मी भाऊजींना स्टूल आणून दिलं.