टूथब्रशांची बाग

आधीच सांगून टाकते, मागच्या पट्टीत पेव्हर ब्लॉक घालायचे म्हणून पहिला हात मीच वर केला होता. उगाच नंतर कोणी म्हणायला नको की शीलाताई आता साळसूदपणाचा आव आणतात. सोसायटीची सेक्रेटरी मी आहे. बत्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलंय, त्यामुळे वाकडंतिकडं मला खपत नाही. आणि दामाजी मढवींची बाग म्हणजे सगळं वाकडंतिकडंच.

ठाकुर्लीला आमच्या दोन इमारती पाठीला पाठ करून उभ्या आहेत. मधे सहा फूट रुंद, चाळीसेक फूट लांब अशी मातीची पट्टी. ऊन म्हणून तिथे पडत नाही. पूर्वी वरच्या मजल्यांवरून काय वाट्टेल ते पडायचं. केसांचे गुंतवळ, नारळाच्या शेंड्या, एकदा तर कुकरचं झाकण. दामाजी तळमजल्याला राहतात आणि त्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी नेमकी या पट्टीवर उघडते. पालिकेत ते चावीवाले होते, म्हणजे कुठल्या आळीचं पाणी कधी सोडायचं आणि कधी बंद करायचं, ते काम. रिटायर झाले त्याच्या दुसऱ्या दिवशी घमेलं घेऊन पट्टीत उतरले आणि महिन्याभरात सगळा कचरा एकट्याने उपसला. मला बरं वाटलं. म्हटलं, "दामाजीभाऊ, आता चार जास्वंदी लावा, देवाला होतील."

"मॅडम, जास्वंदीला ऊन लागतं," ते म्हणाले. "इथं रानातली मंडली येतील. त्यांना सावलीच लागते."

ही रानातली मंडळी म्हणजे कोण, ते मला हळूहळू कळलं. सापकांदा, ज्याचं फूल फणा काढून आपल्याकडे बघत बसतं. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा चप्पल उचलली होती. रानहळद, पेव, भिंतीच्या ओलीला धरून नेचे. सगळी डोंगरातल्या दाट झाडांखाली वाढणारी. यांचा कंद जमिनीत राहतो, पावसाळ्यात चार महिने वर डोकावतो आणि दिवाळी झाली की गुडूप. नर्सरीत यातलं काही मिळत नाही, आणि दामाजींचा नियम असा की रानातला कंद उपटायचा नाही. फक्त बी आणायचं. टिटवाळ्याच्या पलीकडे त्यांच्या मामाचं गाव, तिथल्या टेकडीवर जाऊन ते पिकलेली फळं रुमालात बांधून आणायचे. "कंद उपटला तं रान कमी व्हतं. बी आनलं तं रान दोन जागी व्हतं," असं त्यांचं गणित. या गणितात मला चूक काढता आली नाही.

एकदा मात्र नियम मोडला. सिक्कीमला फिरायला गेलेल्या कोणीतरी तिथल्या सापकांद्याचा कंद आणून दिला. थंडीतलं झाड ते, ठाकुर्लीच्या उकाड्यात कसं जगावं! दामाजी रोज दुपारी फ्रीजमधला बर्फ काढून त्याच्या बुडाशी ठेवायचे. त्यांच्या बायकोने, मनुबाईंनी, बिल्डिंगभर बोंब मारली. "पावन्यांना सरबताला बर्फ नाय, आन ते कांद्याला हाय!" दोन पानं आली आणि कांदा कुजला. दामाजी आठवडाभर पट्टीत उतरले नाहीत. मी समजूत काढायला दोन वेळा गेले आणि नळाच्या प्रेशरबद्दल बोलून आले.

आता टूथब्रशांचं. उन्हाळ्यात सगळे कंद झोपलेले, जमीन सपाट. कोण कुठे झोपलाय हे कळावं म्हणून दामाजी प्रत्येक जागी एक जुना टूथब्रश खोचतात. बिल्डिंगमधल्या प्रत्येक घरातून ते जुने ब्रश मागून नेतात. मे महिन्यात तुम्ही आमच्या पट्टीत आलात तर तुम्हाला दिसतील सत्तरऐंशी टूथब्रश, रंगीबेरंगी, केस वर करून उभे. बाकी काही नाही. बघणाऱ्याला वाटावं, माणसाचं डोकं फिरलंय.

आमचे चेअरमन विनीत, वय अडतीस. त्यांना तसंच वाटलं. मेच्या मीटिंगमध्ये ते म्हणाले, "काका, रिस्पेक्ट आहे तुमचा, पण बारा टू-व्हीलर रस्त्यावर उभ्या असतात. तिकडे ब्लॉक टाकले तर सगळ्या बसतील. आणि तिथे आहे काय? ब्रश!"

सगळे हसले. मी हात वर केला, ते सांगितलंच आहे.

दामाजी उठून उभे राहिले. या इमारती ज्या जमिनीवर आहेत ती त्यांच्या वडलांची भातखाचरं. बिल्डरने बदल्यात दोन फ्लॅट दिले, एक विकून मुलीचं लग्न झालं. हे सगळ्यांना माहीत आहे, पण दामाजींनी ते कधी तोंडातून काढलं नाही. त्या दिवशीही नाही. म्हणाले, "ती झोपलेली हायेत. सात जूनपतूर थांबा. सहा वर्सांमागं मी शेवलाचं बी लावलेलं. यंदा फूल येनार, मना म्हायती हाय. आलं तं पट्टी ऱ्हाऊ द्या. नाय आलं, तं मीच ब्रश काढून देतो."

शेवळं म्हणजे आमच्या ठाणे जिल्ह्याचं कौतुक. पाऊस तोंडावर आला की जमिनीतून पान यायच्या आधी नुसतं फूलच वर येतं, जांभळट तपकिरी, टोकदार. डोंगरातल्या बाया त्याच्या जुड्या घेऊन स्टेशनबाहेर बसतात. आगरी-कोळ्यांच्या घरात तर शेवळाच्या भाजीवाचून जून सुरूच होत नाही. पण बी लावून, सहा वर्षं वाट बघून, दोन इमारतींच्या बोळात शेवळं फुलवायची, हे करणारा दुसरा माणूस मला माहीत नाही. ठराव झाला. रविवारी, सात जूनला, अकरा वाजता कमिटी पाहणी करणार.

शुक्रवारी सकाळी दामाजी माझ्या दारात. चेहरा असा की मला वाटलं नातू झाला. पण सून, ऐश्वर्या, फेब्रुवारीत तर लग्न होऊन आलेली. "मॅडम, चला," एवढंच म्हणाले.

पट्टीच्या टोकाला, हिरव्या ब्रशाशेजारी, माती फुटली होती. पाच शेवळं. वीतभर उंच, तुकतुकीत, ताठ. मी "अगंबाई, ही एक, ही दोन" करत बोट दाखवायला गेले तर त्यांनी माझा हातच धरला. चाळीस वर्षांत नवऱ्याने धरला नसेल असा.

"बोट दाखवू नका! कुजतात. दाखवायचंच तं वाकडं करून दाखवा."

आमची आजीपण काकडीच्या वेलाला असंच म्हणायची. गणिताच्या बाईंनी बोट वाकडं केलं आणि पाच मोजली.

"घरी सांगितलंत?"

"कोनालाच नाय. बोललं तं दिष्ट लागते. रविवारी सगल्यांना एकदमच दाखवीन. तुमी सेक्रेटरी म्हनून फक्त तुमाला." आणि मग त्यांचे डोळे भरून आले. "सहा वर्सं, मॅडम."

मी घरी आले. खरं सांगते, पार्किंगचा विचार मला त्या दिवशी एकदाही आला नाही.

शनिवारी दुपारी ऐश्वर्या डबा घेऊन आली. मोठी गोड पोरगी. दिवा गावच्या खाडीकाठच्या कोळ्यांची, बडबडी, पायात पैंजण. "काकू, शेवळाची भाजी केलीय, कोलंबी घालून. माझ्या आईची पद्धत. लग्नानंतरची पहिली. बाबांना सरप्राइज!" भाजी झाली होती सुरेख, पण घशाला खाजत होती. शेवळाची खाज मारायला काकडाच्या झाडाची आंबट फळं लागतात, ती तिला मिळाली नव्हती, तिने चिंचेवर भागवलं होतं. मी वाटी पुसून खाल्ली आणि वर दोन ग्लास कोकम प्यायले. स्टेशनबाहेर त्या आठवड्यात शेवळांचे ढीग लागलेले. माझ्या डोक्यात दुसरं काही येण्याचं कारणच नव्हतं.

रविवारी अकराला आम्ही पट्टीत गेलो. विनीत, कमिटीचे आणखी तिघं, मी. दामाजी धुतलेला सदरा घालून उभे होते. हिरव्या ब्रशाशेजारी सुकलेला पालापाचोळा नीट पसरून ठेवलेला.

"दाखवा काका," विनीत म्हणाले.

"नाय आली यंदा," दामाजी म्हणाले. "माजाच हिशोब चुकला."

मी म्हणणार होते, अहो काय बोलताय, परवा तर... आणि तेवढ्यात माझा घसा खाजला. मी खिडकीकडे बघितलं. खिडकीत ऐश्वर्या चहाचे कप ट्रेमध्ये मांडत होती, गुणगुणत. घरात कोणालाच सांगितलं नव्हतं ना या शहाण्याने! तिने शनिवारी सकाळी खिडकीतून बघितलं असेल, दारातच ताजी शेवळं, आणि कोळ्याची पोर दुसरं काय करणार? विळी घेतली असेल आणि आनंदाने उतरली असेल. तिच्या मते शेवळं खाण्यासाठीच येतात.

मी दामाजींकडे पाहिलं. त्यांनी मान अगदी एवढीशी हलवली. बोलू नका.

विनीतचा आवाज खाली आला होता. तो काही वाईट मुलगा नाही. "मग काका, उद्या ब्लॉकवाला येतो."

"हाव. येऊ दे." आणि दामाजी खाली वाकले आणि ब्रश उपटायला लागले. एक लाल, एक पिवळा. प्रत्येकाची माती झटकून खिशात ठेवत होते. चार महिन्यांच्या सुनेला चार माणसांत खाली बघायला लागू नये म्हणून हा माणूस सहा वर्षं आणि वडलांच्या जमिनीचा शेवटचा तुकडा खिशात घालायला निघाला होता. मला रडू आलं आणि रागही आला. राग आला की मला बोलता चांगलं येतं.

"थांबा!" मी ओरडले. "ब्रश जागेवर ठेवा, दामाजीभाऊ. विनीत, शेवळं आली होती. पाच. शुक्रवारी सकाळी सेक्रेटरीने प्रत्यक्ष पाहणी केली आहे."

"मग आहेत कुठे?"

"माझ्या पोटात."

ट्रे घेऊन ऐश्वर्या मागच्या दारात आलेली.

"बघून राहवलं नाही मला. मीच म्हटलं, दामाजीभाऊ, मला भाजी पाहिजे. सेक्रेटरीला नाही कसं म्हणणार ते? ऐश्वर्याने बिचारीने करून दिली. माझा घसा अजून खाजतोय, हवं तर बॅटरी मारून बघा. ठरावात काय लिहिलंय? 'फूल आलं तर पट्टी राहील.' आलं. खाल्लं गेलं तर काय, हे ठरावात नाही. मीच लिहिलाय तो, मला पाठ आहे."

विनीतने माझ्याकडे बघितलं, दामाजींकडे बघितलं आणि मग हसायलाच लागला. "काकू, तुम्ही पण ना! आम्हाला तरी वाटी पाठवायची." त्याने चहा घेतला. बारा टू-व्हीलर अजून रस्त्यावरच आहेत, आणि त्यावरून मला रोज बोलणी बसतात, ती मी ऐकून घेते.

संध्याकाळी ऐश्वर्या आली ती रडतच. मी पट्टीत असं खोटं का बोलले, ते मनात घोळवून घोळवून तिने सगळं जुळवलं होतं. "काकू, तुम्ही कुठे मागितलेली? मीच कापली. मला काय माहीत ती बाबांची... मी ताट वाढलं ना, तेव्हा बाबा एकदम थांबले. विचारलं, कुठली गं? मी म्हटलं, आपल्याच मागची! हसत सांगितलं हो मी. मग ते जेवले. चांगली झालीय म्हणाले. दोनदा मागून घेतली, काकू."

मी तिला जवळ घेतलं.

कंद खाली शाबूतच होते, फूल कापलं तरी त्यांना काही होत नाही. जुलैत पाचही जागी पानं आली, छत्रीसारखी उघडून बसली, आणि सापकांद्यांनी फणे काढले. ऐश्वर्या सासऱ्यामागून बोट वाकडं करून फिरत असते, याचं नाव काय, त्याचं नाव काय. परवा दोघं माझ्या दारात आली. हातात एक मोठं प्लॅस्टिकचं पिंप.

"मॅडम, हे गच्चीवर ठेवायला परवानगी पायजे," दामाजी म्हणाले. "पन आधी खरं सांगा. त्या दिवशी भाजी कशी झालेली?"

मी ऐश्वर्याकडे बघितलं. ती म्हणाली, "सांगा काकू, खरं सांगा."

"खाजरी," मी म्हटलं.

"हाव," दामाजी खूश होऊन म्हणाले. "काकड नव्हता ना. म्हनून आता या पिंपात काकडाचं बी लावतो. पोरीला पुढं घरचाच मिलेल."